‘बॅटरी चार्ज घेत नाही’ म्हणजे आत नेमकं काय होतं?

बेदाणा (तासगाव)

नमस्कार मंडळी. घरी इन्व्हर्टरवर १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे वीज किती साठते त्याचं माप) ट्यूब्युलर बॅटरी आहे, चार वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यापर्यंत लाईट गेली तरी दोन पंखे आणि चार-पाच दिवे तीन तास आरामात चालायचे. आता वीस मिनिटांत इन्व्हर्टर ओरडायला लागतो. लाईट आली की चार्जिंग सुरू होतं आणि जेमतेम तासाभरात ‘फुल’चा हिरवा दिवा लागतो.

दुकानात विचारलं तर म्हणाले, बॅटरी चार्ज घेत नाही, नवी घ्या. गल्लीतला वायरमन म्हणतो इन्व्हर्टरचा चार्जर गेलाय. मामांचं म्हणणं, ॲसिड कमी झालंय, ॲसिड टाका.

पैसे घालायचेच असतील तर घालीन, पण आधी मला समजून घ्यायचंय. चार्ज घेत नाही म्हणजे काय? चार्जिंगला दिलेली वीज मग जाते कुठं? रिकामी बॅटरी भरायला जास्त वेळ लागायला हवा, ही उलट लवकर कशी भरते? काल चार्ज करून वायरी सोडवून ठेवली आणि सकाळी मीटर लावला, तर १२.१६ व्होल्ट दाखवतो.

कृष्णाकाठ (सांगली)

आमच्याकडंही हेच झालं होतं. वायरमनच्या सांगण्यावरून चार्जरचं कार्ड बदललं, काही फरक पडला नाही. वाचतोय.

जुना कारागीर (मिरज)

दादा, बॅटरीच्या कामात आयुष्य गेलंय म्हणून सांगतो. दुकानदार, वायरमन, मामा, कुणाचंही ऐकण्याआधी एक हायड्रोमीटर आणा. कुठल्याही बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतो. सहाही बुचं उघडून प्रत्येक सेलची (बुचाखालच्या एकेका कप्प्याची) ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा घट्टपणा, वेगवेगळी घ्या आणि इथं लिहा. मीटर १२.१६ दाखवतो ती सहा सेलची बेरीज आहे. घरात आजारी कोण आहे ते बेरजेवरून कळत नाही.

माप घेताना काही गोष्टी सांभाळा. डिस्टिल वॉटर भरल्या भरल्या माप घेऊ नका. नवं पाणी वरच राहतं आणि आकडा खोटा येतो. आधी चार्जिंग होऊ द्या, बुडबुड्यांनी ते मिसळतं. ॲसिड ओढल्यावर आतला तरंगणारा काटा काचेला टेकू देऊ नका, डोळ्यासमोर आडवी नजर ठेवून वाचा. ओढलेलं ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडा, शेजारच्या नाही. डोळ्याला चष्मा हवा, अंगात जुने कपडे, आणि खायचा सोडा पाण्यात कालवून जवळ ठेवा. चार्जिंग चालू असताना किंवा नुकतं थांबलेलं असताना जवळ काडी ओढू नका, देवाचा दिवाही त्या खोलीत नको. त्या बुचांतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीला पेट घेतो. बॅटरीचं झाकण उडून माणसाच्या तोंडावर ॲसिड आलेलं मी पाहिलंय.

अजिंक्यतारा (सातारा)

कारागीर काकांनी मोजायचं सांगितलं, मी आतलं सांगतो. रसायनशास्त्र शिकवतो, आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

लेड-ॲसिड बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये केली. आतलं तत्त्व आजही तेच आहे. पॉझिटिव्ह प्लेटवर लेड डायऑक्साइड, निगेटिव्हवर स्पंजासारखं सच्छिद्र शिसं, आणि दोन्ही पातळ गंधकाम्लात बुडालेल्या. आपण वीज वापरतो तेव्हा दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं. त्यासाठी लागणारा सल्फेट ॲसिडमधून येतो आणि बदल्यात पाणी तयार होतं. म्हणून बॅटरी उतरली की ॲसिड पातळ होतं. हायड्रोमीटर हेच मोजतो. ॲसिड किती घट्ट आहे, म्हणजेच किती सल्फेट अजून पाण्यात आहे आणि किती प्लेटवर जाऊन बसलाय.

हे प्रमाण किती मोठं असतं ते बघा. एक अँपिअर-तास वीज काढली की प्रत्येक सेलमध्ये सुमारे ११.३ ग्रॅम लेड सल्फेट तयार होतं. १०० अँपिअर-तास काढले तर एकेका सेलमध्ये एक किलोहून थोडं जास्त. चार्जिंग म्हणजे हे सगळं उलटं फिरवायचं. सल्फेट प्लेटवरून सोडवायचा, ॲसिडमध्ये परत पाठवायचा, एका प्लेटवर शिसं आणि दुसऱ्यावर लेड डायऑक्साइड परत घडवायचं.

आता खरी मेख. लेड सल्फेट हा विजेचा वाहक नाही. चार्ज होताना त्याचा कण आधी थोडा विरघळावा लागतो, तिथून सुटलेलं शिसं प्लेटच्या वाहक भागाला भेटतं आणि मग क्रिया पुढे जाते. ताजा सल्फेट अगदी बारीक कणांचा असतो, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग मोठा असतो आणि तो भराभर विरघळतो. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की बारीक कण विरघळत जातात आणि त्यांतलं शिसं मोठ्या कणांवर जाऊन बसतं. आठवड्यांमागून आठवडे गेले की टणक, मोठे स्फटिक होतात. पिठीसाखर आणि खडीसाखर एकाच वेळी पाण्यात टाकून बघा, फरक लगेच कळेल. पदार्थ तोच, पण खडीसाखर विरघळायला किती वेळ घेते.

या स्फटिकांनी भरलेली प्लेट दोन कारणांनी चार्जिंगला विरोध करते. क्रियेला जागा कमी उरते, आणि प्लेटची छिद्रं बुजल्यामुळे ॲसिडला आत-बाहेर करायला वाट राहत नाही. तरीही चार्जर ठरलेला करंट ढकलतोच. मग तेवढा करंट थोड्याशा जागेतून जाण्यासाठी सेलचा व्होल्टेज वर चढतो. २.४ व्होल्टच्या पुढे गेला की वीज सल्फेट सोडवण्याऐवजी पाणी फोडायला लागते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बुडबुड्यांतून निघून जातात. तुमचा प्रश्न होता वीज कुठं जाते. एक भाग इथं जातो, एक भाग उष्णतेत, आणि प्लेटला मिळतो तो उरलेला.

बेदाणा

सर, आज पहिल्यांदा कुणीतरी आतलं सांगितलं. हायड्रोमीटर आणला. आधी रात्रभर चार्ज होऊ दिलं होतं. मापं अशी आली, पॉझिटिव्हकडून: १२००, १२०५, ११९५, १११०, १२००, १२०५.

जुना कारागीर

चौथा सेल. बाकीचे पाच एका ओळीत आणि हा ८५-९५ पॉइंट खाली. सगळ्यांत चांगल्या आणि सगळ्यांत वाईट सेलमध्ये ५० पॉइंटांचा फरक आला की आम्ही बॅटरी संशयित धरतो. तुमचा फरक त्याच्या जवळजवळ दुप्पट.

मीटरच्या आकड्याशी ताळा करून बघा. विश्रांती घेतलेल्या सेलचा व्होल्टेज साधारण ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवून येतो. १.२०० ला (हायड्रोमीटरवरचा १२०० म्हणजे हाच) २.०४ व्होल्ट, १.११० ला १.९५. तुमच्या सहाही सेलची बेरीज केली तर १२.१५ येते, आणि मीटर १२.१६ दाखवत होता. म्हणजे मापं बरोबर आहेत.

आता तासाभरात हिरवा दिवा का लागतो ते बघा. इन्व्हर्टर १४.४ व्होल्टवर पोचला की करंट कमी करायला लागतो. सहा निरोगी सेल असते तर प्रत्येकाच्या वाट्याला २.४ आले असते. पण सेल एकामागे एक जोडलेले आहेत, करंट सगळ्यांतून सारखाच वाहतो. चौथा आजारी सेल तेवढ्याच करंटला २.८ व्होल्ट दाखवत असेल, तर बाकी पाचजण २.३२ वरच असतात. पाच गुणिले २.३२ म्हणजे ११.६, त्यात २.८ मिळवा, झाले १४.४. चार्जरला वाटतं बॅटरी भरली. त्याच्याकडे दोनच वायरी आहेत, त्याला बेरीज दिसते. तो करंट कमी करतो आणि पाच चांगले सेल अर्धवट राहतात. म्हणून तुमच्या चांगल्या सेलची ग्रॅव्हिटीसुद्धा १२००च आहे. ट्यूब्युलर इन्व्हर्टर बॅटरी पूर्ण भरल्यावर १२४०च्या आसपास यायला हवी. अशी अर्धवट राहिलेली बॅटरी रोज वापरली की त्या पाचांवरही सल्फेट बसायला लागतो. एका सेलचा आजार सगळ्यांना लागतो तो असा.

वापरताना उलटं होतं. चौथ्याकडे साठाच कमी, तो आधी संपतो. बाकीचे पाच तसाच करंट त्याच्यातून ढकलत राहतात आणि त्याचा व्होल्टेज शून्याखाली जातो, सेल उलटा चार्ज व्हायला लागतो. पाचांचे मिळून दहा व्होल्टच्या आसपास उरतात, त्यातून याचे वजा. साडेदहाच्या खाली गेलं की इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो. तुमची वीस मिनिटं ती हीच.

चार्जरला दोष देऊ नका. तो शिकवल्याप्रमाणे काम करतोय.

वाळवा शिवार

काका, मामांचं ॲसिडचं म्हणणं अगदीच चूक नाही. आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीत ॲसिड टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सेल्फ खणखणीत फिरला. ग्रॅव्हिटी पण वाढली होती.

जुना कारागीर

ग्रॅव्हिटी वाढली, चार्ज वाढला नाही. हा घोळ मी रोज बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बॅटरीतलं ॲसिड उडून जात नाही. उडतं ते पाणी. चार्जिंगच्या शेवटी जास्तीचा एक अँपिअर-तास गेला की प्रत्येक सेलमधलं साधारण एक तृतीयांश ग्रॅम पाणी फुटतं. बॅटरी सांडली, कलंडली तरच ॲसिड कमी होतं. ग्रॅव्हिटी कमी दिसते कारण सल्फेट प्लेटवर बसलाय. तो तिथं तसाच ठेवून वरून ॲसिड ओतलं की हायड्रोमीटर खूश होतो, सेलचा व्होल्टेजही ग्रॅव्हिटीबरोबर थोडा वर येतो, म्हणून सेल्फ एकदा फिरतो. पण पुढे चांगलं चार्जिंग झालं आणि प्लेटवरचा सल्फेट थोडा जरी परतला, तर आतलं ॲसिड गरजेपेक्षा कडक होतं. कडक ॲसिड पॉझिटिव्हची जाळी खातं. आणि कडक ॲसिडमध्ये लेड सल्फेट आणखी कमी विरघळतो. म्हणजे ज्या रोगासाठी औषध दिलं तोच वाढतो.

घरी भरायचं ते फक्त डिस्टिल वॉटर. बोअरचं नाही, नळाचं नाही, आरओ फिल्टरचंही नाही. क्लोराइड पॉझिटिव्ह प्लेट गंजवतं आणि लोखंडाचा अंश आला की बॅटरी बसल्या जागी उतरते.

अजिंक्यतारा

यात एक जोडतो. बाजारात ‘बॅटरीला जीवदान’ म्हणून पुड्या मिळतात, त्यांत बहुधा मॅग्नेशियम सल्फेट असतं. सल्फेटनं भरलेल्या द्रावणात आणखी सल्फेट घातला तर लेड सल्फेटचं विरघळणं उलट दबतं. पैसे घालू नका.

बेदाणा

मग चौथा सेल वाचवता येतो का? आणि तो सल्फेटनं आजारी आहे की शॉर्ट झालाय, हे कसं ओळखायचं? दुकानदार ‘सेल शॉर्ट’ असंही म्हणाले होते.

जुना कारागीर

चांगला प्रश्न विचारलात. ग्रॅव्हिटी दोन्हीत कमी दिसते, पण चार्जिंगला लावून बुचांतून बघितलं की फरक कळतो.

सल्फेट झालेला सेल सगळ्यांच्या आधी बुडबुडे सोडायला लागतो. बाकीचे शांत असतात आणि हा फसफसतो, कारण त्याचा व्होल्टेज आधी चढतो. शॉर्ट सेलमध्ये प्लेटवरून झडलेला गाळ खाली साठून किंवा सेपरेटर (प्लेटमधला पडदा) फाटून दोन प्लेट एकमेकींना भिडलेल्या असतात. त्या सेलमध्ये व्होल्टेज उभाच राहत नाही, म्हणून तो मुका बसतो. बाकीचे पाच उकळतात आणि याच्यात एक बुडबुडा नाही. विश्रांती दिली की बॅटरीचा व्होल्टेजही साडेदहाच्या आसपास येतो. चार्जिंगला लावली की चार्जर १४.४ गाठायला धडपडतो, करंट कमी होत नाही, बॅटरी तापते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. असं दिसलं तर लगेच बंद करा आणि खिडक्या उघडा, तो वायू विषारी असतो.

तुमची बॅटरी १२.१६ वर उभी राहतेय, म्हणजे पूर्ण शॉर्ट नाही. हळू चार्जिंग करून बघण्यासारखी आहे. इन्व्हर्टरवर ते होणार नाही, तो १४.४ बघून माघार घेतो. करंट हातानं लावता येणारा चार्जर लागतो, तासगावात कुणाही जुन्या बॅटरीवाल्याकडे असतो. ३-४ अँपिअरवर लावा, जास्त नको. करंट कमी असला की सेलचा व्होल्टेज फार चढत नाही, पाणी कमी फुटतं आणि स्फटिकाला विरघळायला वेळ मिळतो. दर दोन-तीन तासांनी चौथ्या सेलची ग्रॅव्हिटी लिहून ठेवा. वर सरकत असेल तर चालू ठेवा. लागोपाठच्या मापांत हलायची थांबली की तो तेवढाच. आतलं तापमान ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

बेदाणा

इथल्या एका जुन्या बॅटरीवाल्याकडे ४ अँपिअरवर लावली. फसफस आधी चौथ्यातच सुरू झाली, काकांनी सांगितल्याप्रमाणे. बाकी पाच सेल चढत चढत १२३०-१२३५ पर्यंत आले. चौथा १११० वरून ११२५ ला आला आणि तिथंच थांबला. आता विश्रांतीनंतर मीटर १२.३ दाखवतो, पण हॅलोजनचा दिवा लावून बघितला तर दहाच्या खाली येतो.

जुना कारागीर

मग निकाल लागला. पाच सेल चांगले होते, त्यांना फक्त पूर्ण चार्जिंग मिळत नव्हतं. चौथा गेलाय. १२.३ बघून कुणीही म्हणेल बॅटरी ठीक आहे, म्हणून लोडशिवायच्या मापावर विश्वास ठेवू नये.

पूर्वी कडक रबराच्या पेटीच्या बॅटऱ्या यायच्या. वर डांबर ओतलेलं असायचं आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या बाहेर दिसायच्या. डांबर तापवून एक सेल काढायचा, नवा बसवायचा, पट्टी परत वितळवून जोडायची. ते काम मी खूप केलंय. आताच्या प्लास्टिक पेटीचं झाकण उष्णतेनं चिकटवलेलं असतं आणि जोड आतल्या भिंतीतून जातात. एक सेल बदलायचा प्रश्नच नाही.

नवी घ्या आणि जुनी विक्रेत्यालाच द्या. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारवाल्याला दिली तर कुठल्यातरी आडबाजूला फोडून, ॲसिड ओढ्यात ओतून शिसं वितळवलं जातं. तो धूर आसपासच्या लहान मुलांच्या अंगात जातो. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे, शंभर-दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून तसं देऊ नका.

माणदेश (आटपाडी)

काका, आमच्याकडं शेतातल्या घराला सोलर आहे. २४ व्होल्टचा इन्व्हर्टर, दोन बॅटऱ्या. एक गेली, एकच बदलली. नवी आणली ती वर्षभरात जुनीसारखीच झाली. आणि उन्हाळ्यात पाणी फार आटतं. बॅटऱ्या पत्र्याच्या खोलीत आहेत.

अजिंक्यतारा

तुमचं पहिलं दुखणं चौथ्या सेलचंच मोठं रूप आहे. दोन बॅटऱ्या एकामागे एक, म्हणजे बारा सेलची माळ. चार्जर २८.८ ची बेरीज बघतो. जुनी आधी व्होल्टेज चढवते आणि नवी उपाशी राहते. मालिकेत दोन्ही एकाच वेळी, एकाच क्षमतेच्या घ्याव्यात.

दुसरं, तापमान. उष्णतेत क्रिया वेगात होते, म्हणून तोच व्होल्टेज जास्त चार्जिंग करतो. चार्जिंगचा व्होल्टेज दर अंशाला प्रत्येक सेलमागे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करायला हवा. २५ अंशांना १४.४ योग्य असेल तर ४० अंशांना १२ व्होल्टच्या बॅटरीला १४.० च्या जवळपास पुरे. आटपाडीच्या पत्र्याखाली दुपारी किती होत असेल ते तुम्हीच जाणता. आमच्याकडे महाबळेश्वरच्या थंडीत उलटी तक्रार येते, तोच व्होल्टेज अपुरा पडतो आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. सोलर कंट्रोलरला तापमान मोजणारी वायर येते ती बॅटरीला चिकटवा, भिंतीला नाही. आणि बॅटऱ्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी आणा. हे एक केलंत तरी पाण्याचा खर्च निम्म्यावर येईल असं मला वाटतं.

वाळवा शिवार

पाठीवरच्या फवारणी पंपाचं पण सांगा. १२ व्होल्ट ८ एएचची सीलबंद बॅटरी. हंगाम संपला की पंप गोठ्यात टांगतो, पुढच्या वेळी काढला तर मेलेला. चार्जरला लावला तर चार्जरचा दिवाच बदलत नाही.

जुना कारागीर

तुमचा पंप टांगलेला असताना मेला. लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी महिन्याला काही टक्के आपोआप उतरते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बरीचशी उतरलेली टांगली की चार-पाच महिन्यांत पार तळाला जाते आणि वर सरांनी सांगितलेले स्फटिक तयार होतात. पार उतरलेल्या सेलमध्ये ॲसिड जवळजवळ पाणीच झालेलं असतं, त्यातून करंट नीट जात नाही. शिवाय काही चार्जर समोर ठरावीक व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, त्यांना वाटतं बॅटरी जोडलेलीच नाही.

फवारणी संपली की त्याच संध्याकाळी पूर्ण चार्ज करा. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा लावा, सणासुदीला आठवणीनं. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटून पाणी भरायचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. ती दाबावर चालते, आतला ऑक्सिजन परत पाण्यात जिरवते. झाकण उघडलं की ते बिघडतं.

कृष्णाकाठ

माझ्या मुलानं लिथियमची इलेक्ट्रिक स्कूटर घेतलीय. तिथंही दुबळा सेल असाच वागतो का? साताऱ्याला असताना घाटात ३० टक्के दाखवत असताना एकदम बंद पडली म्हणतो.

यवतेश्वर घाट (सातारा)

इलेक्ट्रिक गाड्यांचं काम करतो, म्हणून सांगतो. यवतेश्वरच्या चढावर हीच तक्रार घेऊन लोक येतात.

लिथियममध्ये सल्फेट नाही, पण माळेचा नियम तोच. फरक इतकाच की तिथं प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट असतं, बीएमएस. चार्ज होताना सगळ्यांत वर गेलेला सेल मर्यादेला पोचला की ते चार्जिंग थांबवतं, वापरताना सगळ्यांत खाली गेलेला मर्यादेला आला की गाडी बंद करतं. दोन्ही वेळा सगळ्यांत दुबळ्याचं ऐकलं जातं.

साध्या लिथियम-आयन सेलची वरची मर्यादा ४.२ व्होल्ट, लिथियम-आयर्न-फॉस्फेटची ३.६५. सेल म्हातारा होतो तसा इलेक्ट्रोडवरचा थर जाड होतो आणि आतला रोध वाढतो. चांगल्या सेलचा रोध ३० मिलिओहम धरा, ३ अँपिअर दिले तर त्यामुळे व्होल्टेज ०.०९ नं वर दिसतो. दुबळ्याचा १०० झाला असेल तर ०.३ नं. म्हणजे आतून तो ३.९ वर असताना बाहेरून ४.२ दिसतो आणि सर्किट थांबवतं. घाटात उलटं होतं. मोटर जास्त करंट ओढते, दुबळ्या सेलचा व्होल्टेज धाडकन खाली दिसतो, आणि बाकी सेलमध्ये वीज असूनही गाडी बंद. पाच मिनिटं थांबलं की व्होल्टेज सावरतो आणि गाडी परत चालू होते. मुलाच्या बाबतीत असंच झालं असणार. वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला सेलनिहाय व्होल्टेजचा रिपोर्ट मागा, नुसता ‘बॅटरी हेल्थ’चा टक्का नको.

एक गोष्ट मनावर घ्या. लिथियम सेल २.५ व्होल्टच्या बराच खाली जाऊन पडून राहिला तर आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुढे चार्ज केलं की तेच तांबं नको तिथं जमतं आणि सेल आतून शॉर्ट होऊ शकतो. म्हणून बीएमएस अशा पॅकला चार्ज घेऊ देत नाही. दुसऱ्या बॅटरीचा झटका देऊन पॅक ‘जागा’ करणारे आहेत. तो पॅक रात्री घरात चार्जिंगला लागलेला असताना पेटू शकतो. कृपा करून करू नका.

हरिपूरची लेक

धागा वाचून विचारते. आमचं घर कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा इन्व्हर्टर, बॅटरी सगळं बुडालं होतं. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी बॅटरी धुऊन, वाळवून तशीच चार्जिंगला लावली होती. आमची आम्ही टाकून दिली. यंदा तशी वेळ आली तर काय करायचं? आता सासऱ्यांकडे इलेक्ट्रिक स्कूटरही आहे.

जुना कारागीर

ताई, टाकून दिलीत ते बरोबर केलंत. बुचांच्या भोकांतून पुराचं पाणी आत गेलं की ॲसिड पातळ होतं, गाळ आणि क्षार प्लेटमध्ये शिरतात. ती धुऊन निघत नाही.

पाणी चढायला लागल्याची बातमी आली, आयर्विनची पातळी इशाऱ्याच्या ४० फुटांकडे निघाली, की लाईट असेपर्यंत बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. मग इन्व्हर्टर बंद करा, मेनमधून पिन काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा, मग पॉझिटिव्ह. टर्मिनलला कापड गुंडाळा. १५० एएचची ट्यूब्युलर ५०-६० किलोची असते, दोघांनी उचला आणि वरच्या मजल्यावर उभीच ठेवा, आडवी नको. पूर्ण भरलेली असेल तर पूर ओसरेपर्यंत तिला काही होत नाही.

यवतेश्वर घाट

स्कूटर शक्यतो आधीच उंच भागात नेऊन लावा. बुडालीच तर पाणी ओसरल्यावर चालू करू नका, चार्जरला तर अजिबात लावू नका, वरून कोरडी दिसली तरी. पॅकमध्ये शिरलेलं पाणी काही दिवसांनीही शॉर्ट करतं. ढकलत अंगणात घरापासून, गवताच्या गंजीपासून लांब उघड्यावर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला ‘पुरात बुडालेली गाडी’ असं आधी सांगूनच न्यायला बोलवा.